तिकीट आमचं एकच

मंगळवार, ९ मे

ती. आजींना,

तुमच्या जावयांचा, तुमच्या ठकूचा आणि माझा नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. तुम्ही ठकूला ज्या नावाने हाक मारता, तेच मी इथे लिहिते आहे. तिच्यासमोर मात्र ते माझ्या तोंडी येत नाही. ते तुमचं आहे.

खोली लहान आहे, पण स्वच्छ. खिडकीखालीच ट्रामचा थांबा. पहाटेपासून घंटी वाजवत गाड्या येतात-जातात. टॅक्सी परवडणारी नाही, म्हणून आम्ही सगळीकडे ट्रामने, बसने नाहीतर जमिनीखालच्या रेल्वेने फिरतो. इथे घरातल्या सगळ्यांना मिळून एकच तिकीट मिळतं. आईवडील आणि मुलं, दिवसभर कुठेही फिरा. ते सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, कारण तुमच्या जावयांनी पहिल्याच दिवशी ते कॉफीच्या पेल्यासकट कचऱ्यात टाकलं होतं.

जावयांचा उत्साह तुम्हाला माहीत आहे. काल त्यांनी आम्हाला उलट दिशेच्या बसमध्ये बसवलं. शहर संपलं, शेतं लागली, तरी हे म्हणत होते, "आता येईलच म्युझियम." ठकू हातातल्या नकाशावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, म्युझियम आपल्याला टाटा करतंय मागून." मी हसले, तशी तिने नकाशा तोंडासमोर धरला. माझ्यासाठी केलेला विनोद नव्हता तो.

नकाशा तिच्याकडेच असतो. कुठे उतरायचं, कुठल्या रंगाची गाडी पकडायची, सगळं तिला पाठ. बारा वर्षांची पोर, पण आम्हा दोघांना वळत नेते. तिच्या आईलाही रस्ते असेच लक्षात राहायचे, असं बाबा तिला सांगत होते. मी ऐकत होते.

एक गंमत आहे. इथल्या गाड्यांमधल्या जागा दोन-दोनच्या असतात. आम्ही तिघं. बाप-लेक एका बाकावर बसतात आणि मी पलीकडच्या रांगेत, कुठल्यातरी अनोळखी माणसाशेजारी. तक्रार म्हणून नाही लिहीत. आतापर्यंत एक पेंगणारे आजोबा, एक छत्री विसरून उतरलेली कॉलेजची मुलगी आणि एका बाईंच्या मांडीवरचं कुत्रं, एवढ्यांशी माझी ओळख झाली आहे. कुत्र्याला मी आवडले.

तुम्ही खाऊचा डबा दिलात, तो ठकू कुणाला हात लावू देत नाही. रोज आपल्या हाताने एकेक वाटून देते. मलाही देते, आधी बाबांना, मग मला.

निघायच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात मला जे विचारलंत, त्याचं उत्तर या पत्रात लिहीत नाही. "तिला माझ्याकडे राहू दे. तुमचा संसार नवा आहे, आणि मलाही घर खायला उठतं," असं तुम्ही म्हणालात. वाईट मनाने म्हणाला नाहीत, हे मला कळलं. ठकूच्या बाबांना मी सांगितलं. ते म्हणाले, "तू ठरव. ती तुझ्याशी बोलत नाही, हे तुलाच जास्त लागतं." असं काही माणसाने माणसावर टाकावं का? पण टाकलं.

परत आल्यावर बोलू. गुडघ्यांना तेल लावत जा.

आपली नम्र


शुक्रवार, १२ मे

ती. आजी,

मंगळवारचं पत्र टाकलं आणि लगेच हे दुसरं. पत्रं आमच्याआधी पोचली तर बरं होईल, कारण जे लिहिते आहे ते तुमच्यासमोर बसून मला बोलता येणार नाही.

आधी जावयांची खबर. सरकत्या जिन्यावर आमचा फोटो काढायला ते उलटे वळले आणि जिना संपला. पाय मुरगळला. काळजीचं काही नाही, सूज उतरते आहे. पण काल त्यांना खोलीवर ठेवून आम्ही दोघीच निघालो. मी म्हटलं होतं, आपणही थांबू. ठकू म्हणाली, "तिकीट काढलंय ना." झालं.

दुपारची ट्राम, जवळजवळ रिकामी. मी एका बाकावर खिडकीशी सरकून बसले, शेजारची जागा मोकळी ठेवून. आज दोघीच आहोत, म्हटलं, आज तरी हिशोब जुळेल. ठकू आली, माझ्यावरून पुढे गेली आणि अगदी पुढच्या बाकावर बसली. शेजारी तिने बॅग ठेवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन थांबे गेले असतील, तिकीट तपासणारी बाई चढली. बारीक कापलेले केस, धिप्पाड, गळ्यात यंत्र. ठकूने मागे माझ्याकडे बोट केलं. बाई माझ्याकडे आली. मी तिकीट दाखवलं. तिने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "एका घरच्या ना? मग ती तिकडे का?"

आजी, मी दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर लोकांशी बोलते. चिडलेल्या, रडणाऱ्या, भांडणाऱ्या. पण या एका प्रश्नावर मी तिकीटच पुन्हा पुढे केलं. बाईला वाटलं असणार, परक्या पोरीला आपल्या तिकिटावर फिरवते आहे ही. तिने वळून ठकूलाच विचारलं, "ही तुझी आई?"

"नाही," ठकू म्हणाली.

खरंच होतं ते.

मग ती उठून उभी राहिली. एका हाताने दांडा धरून, शाळेत कविता म्हणावी तसं एकेक इंग्रजी वाक्य जुळवत म्हणाली, "माझी आई आता नाही. या आमच्या घरच्या आहेत. तिकीट आमचं एकच आहे."

आणि बॅग उचलून माझ्याशेजारी येऊन बसली.

बाईने मान हलवली आणि पुढे गेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ठकू ओठ न हलवता पुटपुटली, "हलू नका. ती बघतेय अजून."

आम्ही दोघी चोरासारख्या ताठ बसून राहिलो. पुढच्या थांब्यावर बाई उतरली. ट्राम सुटली. ठकू उठली नाही. मीही तिला पुढची जागा मोकळी आहे म्हणून सांगितलं नाही.

थोड्या वेळाने ती समोरच्या बाकाकडे बघतच म्हणाली, "तुम्ही आजीला काय सांगणार आहात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुम्ही दारात बोलत होतात, मी तिथेच चप्पल शोधत होते."

मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मी गेले तर बरंच आहे ना. सगळीकडे दोन-दोनच जागा असतात. तुम्ही आणि बाबा नीट बसाल."

आजी, मला आधी कळेचना ती काय म्हणते आहे. इतके दिवस मी पलीकडच्या रांगेत बसून जे मनात घोळवत होते, तेच हिच्याही मनात. बापाच्या शेजारी, हक्काच्या जागेवर बसून.

"अगं वेडे," मी म्हटलं, "मला वाटत होतं, जास्तीची मी आहे."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही? तुमच्याकडे तर तिकीट असतं."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने ते पाहिलं आणि घाईघाईने नकाशा उघडला. तोवर आमचा थांबा कधीच मागे गेला होता. नकाशा हातात असून ठकू पहिल्यांदाच चुकली. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने हाताने खूण करून आम्हाला उतरवलं. तिथे एक बाक होता, एक कुलूप लावलेलं दुकान होतं, बाकी काही नाही. परतीची ट्राम येईपर्यंत आम्ही तुमचा डबा संपवला. शेवटचा तुकडा तिने मोडून अर्धा मला दिला आणि बोटं चाटत म्हणाली, "पण आजी एकटी जेवते. मला तेच आठवत राहतं."

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला पाठवणार नाही. तिची आई होता येईल म्हणून नव्हे, ती जागा कुणाची आहे ते मला माहीत आहे. पण काल ती उठून माझ्यासाठी बोलली, आणि आता तिला तुमच्याकडे पाठवलं तर तिला वाटेल, आपण जास्तीचेच होतो. तसं मला तिला वाटू द्यायचं नाही.

आणि तुम्हालाही नाही. म्हणून दुसरं मागते आहे. तुम्ही या आमच्याकडे. जावयाच्या घरी राहायचं, तेही लेक नसताना, तिच्यानंतर आलेल्या बाईच्या हातचं खात. तुम्हाला ते किती जड जाईल, मी समजू शकते. तुमच्या घराची किल्ली तुमच्याच कनवटीला राहू द्या. आधी महिनाभर या. नाही रमलात तर मी स्वतः आणून सोडीन. स्वयंपाकघरातले डबे तुमच्या लेकीने लावले तसेच आहेत, मी एकही हलवलेला नाही. जिरं कुठे सापडत नाही म्हणून रोज वैतागते, पण हलवलं नाही. तुम्ही येऊन सांगा, तिने ते कुठे ठेवलं असतं.

तिघं असलो की एक जण सुटा पडतो, आजी. चौघांचे दोन बाक नीट भरतात.

ठकू माझ्या कोपराशी बसून हे सगळं वाचते आहे. तिला अडवून उपयोग नाही. म्हणते, "लिहा, खिडकी आजीला देईन. पण जाताना. येताना माझी."

"आणि तुझ्या शेजारी कोण?" मी विचारलं.

"ते आळीपाळीने," म्हणाली. आमचा नंबर लागतो का बघू, असं तिचे बाबा पलंगावरून म्हणताहेत.

मंगळवारच्या पत्राखाली मी 'आपली नम्र' असं लिहिलं. नेहमी तेच लिहीत आले, कारण तुमची मी कोण, हे मला कधी कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. आज आहे तेवढंच लिहिते.

तुमच्या लेकीच्या लेकीशेजारी बसलेली,
मी