शिंगावरचा कंदील

मेहकर, ता. भालकी
पोळा होऊन गेला, त्यानंतरचा कुठला तरी वार

प्रिय अंकुशराव,

एका बाकावरच्या नरहरीचा रामराम. इकडची खुशाली आठवेल तेवढी लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? (गुडघा तुझाच ना? की थोरल्या भावाचा? कुणाचाही असो, तेल लावत जा.) उदगीरला अजून ते आतून गुलाबी पेरू मिळतात का? पेरूचं कारण पुढं येईल, मी विसरलो नाही तर.

बातमी अशी, की माझं डोकं गळायला लागलंय. चौथीच्या पुस्तकातल्या कविता कानामात्रेसकट शाबूत आहेत, पण चष्मा दुधाच्या पातेल्यात सापडतो. भीती एकच आहे रे: कविता राहतील आणि माणसं जातील. म्हणून श्रीनाथनं (माझा मुलगा, त्याचं नाव अजून येतं) मला गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं विसरभोळ्या म्हाताऱ्यांवर नव्या गोळीची चाचणी चालू होती. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली. कुणाच्या डबीत कुठली, हे डॉक्टर मंजुश्रीबाईंनाही ठाऊक नसायचं. (मला वाटतं माझी खडूचीच असावी. उभी हयात नाकानं खडू खाल्ला, आता पाण्याबरोबर घ्यायचा.)

दर खेपेला बाई पाच शब्द सांगायच्या: बैल, पायरी, कंदील, पेरू, ढग. मग हवापाण्याचं बोलून तेच पुन्हा विचारायच्या. पहिल्या खेपेला माझ्याजवळ फक्त पेरू उरला; बाकीचे चार निघताना श्रीनाथनं सांगितले. ज्यानं सगळ्या गावाच्या पोरांकडून कविता घोकून घेतल्या, तो मास्तर नापास! परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ओवी रचली, तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला:

बैल चढला पायरी, कंदील शिंगावरी,
पेरू खातो ढग भारी, आभाळात.

पुढच्या खेपेला पैकीच्या पैकी! पण मास्तर एकटा पास होऊन गप्प बसेल का? हुमनाबादला निर्णा गावचे शिवय्या आणि विमलबाई चढायचे, तेही याच चाचणीतले. गाडीतच वर्ग भरवला. शिवय्या म्हणायचे, "मास्तर, बैल पायरी चढंल कामून? आमचा तर उंबरा वलांडत न्हाई." विमलबाई त्यांना दटावायच्या, "अप्पा, तुम्ही बैलाचं बघू नका, म्हणा नुसतं!" कंडक्टरलाही पाठ झालं.

आमचे गुण पाहून मंजुश्रीबाई हरखल्या. वरच्या मोठ्या डॉक्टरांनाही बोलावलं. त्यांच्यासमोर शिवय्यांनी टाळ्या वाजवत ओवीच म्हटली आणि बाहेरच्या बाकावरून विमलबाईंनी साथ धरली. बाईंनी हळूच विचारलं, "अज्जा, हे कुणी शिकवलं?" शिवय्या छाती फुगवून म्हणाले, "आमच्या मास्तरनं!"

बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी समजावून सांगितलं, की ही परीक्षा पास व्हायची नव्हती. डोक्यात काय उरलंय ते नुसतं बघायचं होतं. आता फरक गोळीनं पडला की ओवीनं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तिघांनाही चाचणीतून काढलं. गोळीही बंद झाली. परतीच्या गाडीतून हुमनाबादला उतरताना शिवय्या म्हणाले, "मास्तर, माझी गोळी खरी हुती वाटतंय. नातीचं नाव याया लागलं हुतं." अंकुशा, छडी मी खूप मारली, पण अशी लागली पहिल्यांदाच.

मला काढलं आणि सोबत येणाऱ्या हिला ठेवून घेतलं. तिथं दुसरी एक चाचणी आहे, विसरणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. गोल खुर्च्या मांडून बसवतात, चिडू कसं नये ते शिकवतात, रडायलाही मोकळीक असते. ही आत बसते, मी वर्गाबाहेर. (उशिरा आलेल्या पोरासारखा.) 'ओळखा पाहू' असं पेशंटला विचारू नका, हा तिथला पहिला धडा. तरी परवा हिनं विचारलंच, "मी कोण, सांगा बरं?" मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडावं? बैल चढला पायरी. ही हसली. मग पाठ फिरवून परातीत भाकरी थापत राहिली. पीठ केव्हाच संपलं होतं.

तुझा,
नरहरी

ता. क. खरं काम राहिलंच. हिचं नाव मला येत नाही. श्रीनाथला विचारायची लाज वाटते. आपल्या पिढीनं बायकोला नुसतं 'अगं' म्हटलं, मग नावाला सराव कुठला? आयुष्यात ते एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. तू शेजारीच होतास. 'मांजरेच्या काठी ज्वारी आली दाट' इथवर येतं. पुढं 'वाट' होतं की 'ताट', आणि मधे हिचं नाव. तेवढा उखाणा लिहून पाठव. हिला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. भावोजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याच हातात देतेत. असं पत्र तुम्हाला मागं बी आलंय, ठाव हाय मला. तुमचा उखाणा कपाटाला चिकटवलाय. रोज वाचतेत आन म्हणतेत, "कवी बरा हाय, कोण म्हणायचा?" तरी तुम्ही कटाळू नका. परत लिहा, पहिल्यांदाच लिहायल्यासारखं. टपालानं नवं पत्र आलं की त्या दिशी सांजपोतर मला नावानं हाक मारतेत. उभ्या जन्मात मारली न्हाई, आता मारायलेत. पाकीट बंद करायच्या आधी पत्र माघारी घेऊन एकदा वाचून बघतेत, म्हणून खाली माझं नाव मोठ्या अक्षरात लिहायले.

शारदा