बुधवारची राख

१६ फेब्रुवारी १९८३, बुधवार. निलंगा

गेलेच! घरी सांगितलं, सिंधु डॉक्टरला दाखवायला नेतेय. सिंधु दवाखान्यातली नर्स, माझी शाळेपासूनची मैत्रीण. गेलो मात्र तिच्या चर्चमध्ये. निजामाच्या काळातलं, काळ्या दगडाचं. आत काय गारवा! त्यांचे चाळीस दिवसांचे उपास आज सुरू झाले.

भिंतीवर ओळीनं चित्रं. एका माणसाला मारत मारत नेतायत. पडतो, उठवतात, पुन्हा मारतात. सगळी बघितली. सिंधु म्हणाली, "रडायलीस का गं?" म्हटलं, "ह्याला बघायला लोक तरी येतेत."

मग सगळे रांगेत. फादर कपाळाला राख लावत होते. मीही उभी राहिले — लिंगायताची पोर भस्माला नाही कशी म्हणेल? म्हणाले, "तू माती आहेस, मातीत मिळशील." घरी रोज "माती झाली हिची" ऐकते, पण इतक्या मायेनं कुणी म्हटलं नव्हतं.

परतताना पदरानं पुसली. उभा-आडवा काळा डाग राहिलाच. धुवायला पाणी कुठंय? चर्चचा हौद कोरडा, टँकर आलेला नाही. नवा जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले. आता म्हणावं, पाणी वाटा!

१७ फेब्रुवारी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. घेते! गुरुबसप्पानं मारलं. आधी कपाळ फरशीवर घासलं, रक्त येईपर्यंत. "आमचं भस्म आडवं! हे उभं कुणाचं? बाटलीस!" मग बैलाच्या कासऱ्यानं. डावा हात उचलत नाही.

शेवटी गळ्यातलं लिंग हिसकलं. दोरा मानेत रुतून तुटला. परसातल्या कोरड्या आडात फेकलं. खडकावर आपटल्याचा आवाज आला.

लिंगाची पूजा केल्याशिवाय आम्ही घास घेत नाही. त्याला ठाऊक आहे. म्हणून तर फेकलं!

१८ फेब्रुवारी

उपाशी. सासूबाई भाकरी थापतात. माझ्याकडे बघत नाहीत. दगड आहे बाई.

सिंधु आली होती. गुरुबसप्पानं दारातच तिच्या तोंडावर मारलं, ओठ फाटला. "पुन्हा आलीस तर जाळीन!" रक्त पुसत ती मला म्हणाली, "नांदेडला चल, माझ्या भावाकडं."

कशी जाऊ, लिंग आडात टाकून? हात धड असता तर मीच उतरले असते.

१९ फेब्रुवारी

अंगात जोर असता तर कासरा त्याच्याच गळ्यात आवळला असता. खरंच.

२० फेब्रुवारी, रविवार

मठातले अय्या — आमचे गुरू — आले. सासूबाईंनीच बोलावणं धाडलं होतं! अय्या गुरुबसप्पावर कडाडले, "ज्यानं टाकलं त्यानंच काढायचं. तवर ह्या घरात कुणी जेवायचं न्हाई." त्यानं मान खाली घातली.

अय्या उंबऱ्याबाहेर पडले आणि हा माझ्याकडे वळला. "उद्या लिंग काढतो. वर आलो की तुला संपवतो. त्या नर्सलाबी."

२१ फेब्रुवारी

उतरला. लिंग बादलीत घालून आधी वर पाठवलं. मी गळ्यात बांधलं. मग त्यानं हाक मारली, "दोर धरा, येतो."

सासूबाई वाकल्या. पदर सरकला. पाठीवर कासऱ्याचे वळ — ताजे.

दोघींनी मिळून दोर वर ओढून घेतला.

खालून ओरडतोय. सासूबाई ताट वाढून म्हणाल्या, "पूजा कर. जेव. मग दोघीबी जाऊ नांदेडला."