ठमीच्या ट्रेमधला लाल डाग

धाकटे,

आपल्या सशीला, ठमीला घेऊन मी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे निघालेय. तिच्या लघवीत रक्त आहे आणि सकाळपासून तिने गवताला तोंड लावलेलं नाही. फोनवर डॉक्टर म्हणाले, मादी सशांना गर्भाशयात गाठ होऊ शकते, उशीर करू नका.

उशीर झालाच आहे. लाल डाग मला परवाच दिसला होता. लाड तू करायचे आणि ट्रे मी घासायचा, मग दिसणार मलाच. तुला सांगायला आले, तर ती तुझ्या कुशीत डोळे मिटून पडलेली. माझ्या पोटात दुखलं आणि मी तशीच मागे फिरले. चुकलं माझं.

कामावरून थेट दवाखान्यात ये. टोपलीत माझा स्वेटर अंथरला, तो तिने बाहेर ढकलला. तुझा अंथरल्यावर मात्र बाईसाहेब निमूट बसल्या.

ताई