पुसेगावला तुझ्या नावानं

माय, तुला जाऊन वीस वर्षं झाली. मी हिंगोलीतच राहते, दोन खोल्यांत, एकटी. नवरा तीन वर्षांमागं गेला, मागच्या वर्षी मी कचेरीतून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, "येत जा मॅडम." एकदा गेले, तर माझ्या खुर्चीवरच्या मुलीनं विचारलं, "काय काम होतं?" काम काहीच नव्हतं. पाणी पिऊन परत आले.

तू असतीस तर त्या मुलीशी तासभर बोलत बसली असतीस. मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, हळकुंडं निवडायला बसायचीस तेव्हा हात कोपरापर्यंत पिवळे आणि तोंड अखंड चालू. शाळा सुटली की मी तिथं यायचे. एक दिवस मी पोत्यांमागं बसून डबा खाते आहे, कारण तुम्हा बायकांच्या घोळक्यात बसायची मला लाज वाटते. तू शोधत येतेस. "काहून लपून राहिलीस? एकटीनं खाल्लेलं अंगी लागत न्हाई, पोरी." हाताला धरून सगळ्यांत नेऊन बसवतेस. तुझी पुसेगावची मैतरीण माझ्या भाकरीवर ठेचा ठेवते, बायका हसतात, आणि मी रागानं घास उचलत नाही. तसंच पुढं आयुष्यभर झालं. कुणी जवळ आलं की मी अंग चोरायचे.

या दिवाळीनंतर धीर करून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे धपाटे घेऊन गेले. "कशाला तकलीफ घेतली?" म्हणत त्यांनी डबा घेतला आणि दार लावलं. दोन दिवसांनी माझ्या कडीला पिशवी अडकवलेली होती, आत धुतलेला डबा.

मग पुसेगावची बस धरली. तुझी मैतरीण आहे अजून. तिची सून म्हणाली, "आत्याबाईला दिसत न्हाई, ध्यानातबी राहत न्हाई. तुमी बोला." मी बाजेपाशी जाऊन एवढंच विचारलं, "बसू का इथं?" माझा आवाज ऐकला आणि म्हातारीनं मनगट घट्ट धरलं. तुझं नाव घेऊन म्हणाली, "आलीस? इतके दिस काहून लावलेस गं?" सून सांगायला लागली, तिला मी हातानंच थांबवलं. "कामं व्हती," मी म्हणाले, तुझ्याच बोलीत.

एका उन्हाळ्यात तुम्ही दोघी एकच चपलांचा जोड आळीपाळीनं घालायचात, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. ती सांगत होती आणि मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. इतकी मी कुणाजवळ कधी हसले होते, ते आठवत नाही. मग तिनं विचारलं, "तुझी ती घुमी पोरगी? बोलती का आता कुणाशी?"

"बोलती."

"माणसं हायेत का तिच्याजवळ?"

"लई हायेत."

"बरं झालं बाई. तुला तिचाच घोर व्हता."

निघताना पुढच्या सोमवारी येते म्हणाले. तीन सोमवार गेले. काल सुनेचा फोन आला, "रोज इचारतात, आली का म्हणून. येता का तुमी?" ती वाट बघते ती तुझी, माय. माझी तिथंही कुणी बघत नाही. हे लिहून ठेवते आहे, धाडायचं तर कुठं? सुनेला मी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नाही.