डाव्या टाचेखालची गादी

तोक्यो, २० ऑगस्ट १९७४

प्रिय शिगेताई,

नमस्कार. पंचांगाप्रमाणे शरद ऋतू लागला, पण इथल्या उन्हाला ते कोणी कळवलेलं दिसत नाही. मानेवर ओला पंचा टाकून लिहिते आहे. पंखा फिरतो कमी, कुरकुरतो जास्त. तू पाठवलेला लसूण पोचला, आणि अर्धा शेजारणीनेच मागून नेला. तिला नाही म्हणायचं धैर्य मला या जन्मी येणार नाही.

तुझी कंबर कशी आहे? सफरचंदांना यंदा पिशव्या बांधायला माणसं मिळाली का? हेइकिची भाऊजी म्हणाले की तू स्वतःच शिडीवर चढतेस. या वयात शिडी! तुझा कानामे आठ वर्षांचा असताना त्याच शिडीवरून पडला होता, एवढं तरी ध्यानात ठेव.

हो, भाऊजींचा फोन आला होता. तुझी, स्वतःच्या वहिनीची, तक्रार करायला. पोस्टातून फोन केला, तीन मिनिटांचे पैसे भरले, आणि त्यातली दोन मिनिटं घसा खाकरण्यात घालवली. मग म्हणाले, “तोमिए, तुझ्या बहिणीनं ओबोनला, पितरं घरी येतात त्या सणाला, दारात जाळ केला नाही. पोर गेल्यावरचं पहिलं वर्ष! सगळ्या गल्लीत भूर्जाची साल पेटलेली, आणि आमच्याच दारात अंधार. तो यायचा कसा घरी?”

मी तुला विचारलं तर तू फोनवर किती सहज बोललीस. “अगं, पाहुण्याला बोलवायला जाळ करतात. तो येतोय की दर रविवारी. त्याला बसून यायला काकडीचा घोडा कशाला करू? टीव्ही लावला की हजर.”

मी पुढे बोलायच्या आत तू फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे.

ताई, पोरगं जिवंत होतं तेव्हा तू त्याचा कार्यक्रम एकदाही पाहिला नाहीस. “तोंड झाकून उड्या मारायला मी त्याला तोक्योला पाठवला नव्हता,” हे मला किती वेळा ऐकवलंस! त्याला स्टुडिओत मी चिकटवलं म्हणून माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हतीस. आणि आता तू रविवारी सकाळी साडेनऊला किमोनोची घडी नीट करून टीव्हीपुढे बसतेस, असं भाऊजी सांगतात. मधे कोणी बोललं तर अंगावर धावून जातेस.

तू मला म्हणालीस, “आवाज दुसऱ्याचा आहे, ते मला कळतं. पण चाल माझ्या पोराची आहे. डावा पाय टेकताना जरा थांबतो बघ. सुरुवातीला नुसता आगाऊपणा करायचा. आता शहाणा झालाय. आधी बघतो, मग हात उचलतो. परवा त्या राक्षसाला मारायच्या आधी त्यानं मान खाली घातली. त्याचे बाबा गेल्यावर घातली होती तश्शी.”

त्याचा तो मुखवट्यातला वीर, कागेरोन, उन्हाळ्यापासून बदलला, हे तुझं म्हणणं खरं आहे. लेखिका मीच, तेव्हा मला नको का माहीत असायला! मुलांचीही पत्रं येतात. ‘कागेरोन आता ओरडत का नाही? त्याला काय दुखतं?’ मी त्यांना उत्तर पाठवते की वीर मोठे होतात तेव्हा गप्प होतात. मुलांना ते पटतं.

बाकी इथे सगळं ठीक. सप्टेंबरात विषुवाच्या आठवड्यात तू कबरीवर जाशीलच. तेव्हा तरी थोडी साल पेटव, ताई. उशीर झाला तरी चालतं, असं देवळातले भिक्षू म्हणतात. मी मुद्दाम विचारून आले.

आणखी एक लिहायचं होतं. पण पेटी उघडायला पोस्टमन येईल एवढ्यात. पुढच्या वेळी.

तुझी,
तोमिए


तोक्यो, ७ ऑक्टोबर १९७४

प्रिय शिगेताई,

नमस्कार. हवा आता बरी आहे. अंगणातल्या पारिजातकासारख्या त्या सोनेरी फुलांच्या झाडाचा वास गल्लीभर पसरलाय. तुला तो आवडत नाही, मोरीचा वास येतो म्हणतेस. असो.

तू कबरीवर गेलीस, गोड भाताचे गोळे ठेवलेस, पण जाळ केला नाहीस. उलट रविवारी टीव्हीपुढे वाटीभर भात आणि लोणचं ठेवायला लागलीस. हे भाऊजी सांगताना यावेळी त्यांनी घसा खाकरला नाही. ते रडत होते.

मागच्या पत्रात पोस्टमनचं निमित्त केलं. पोस्टमन आला नव्हता. मूग गिळून बसायची ही माझी जुनी खोड आहे. पण आता येत्या रविवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडलंच पाहिजे, म्हणून जलद टपालाने पाठवते आहे. आधी खाली बस. भाऊजींना हाक मार.

कानामे गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला, सगळे जेवत असताना, तू मला स्वयंपाकघरात ओढलंस. “त्याचं काम अजून किती दाखवायचं शिल्लक आहे?” असं विचारलंस. तुझ्या हातात ताटल्या होत्या. मी म्हणाले, “बरंच आहे.” तू ताटल्या ठेवल्यास आणि पहिल्यांदा जेवलीस.

ताई, बरंच नव्हतं. आम्ही जेमतेम दोन महिने पुढचं चित्रण करून ठेवतो. मे संपता संपता ते सगळं दाखवून झालं. जूनपासून त्या मुखवट्याच्या आत तो नाही.

लिहिलं एकदाचं.

शेवटी नावांच्या पाटीवर कानामेचं नाव तू पाहतेस, ते आमच्या साकाकी साहेबांनी काढू दिलं नाही म्हणून आहे. निर्माते म्हणून ते कंजूष आहेत, तोंडाळ आहेत, पण त्या दिवशी म्हणाले, “वर्ष पुरं होईपर्यंत कागेरोन त्याचाच.” त्यांना काय ठाऊक, तिकडे आओमोरीत एक बाई त्या नावावर जगते आहे.

आत आहे हियामा नावाचा माणूस. तू त्याला पाहिलं आहेस. अंत्यविधीला तो उंच, मोठ्या कानांचा, जो चप्पल उलटी घालून निघाला होता. कानामेच्या हाताखाली शिकला. कोळ्याचा मुलगा, बोलायला लाजतो, भिंतीवरून उडी मारायला लाजत नाही.

आणि चाल? ती मी त्याला शिकवलेली नाही. तेवढी निर्दय मी नाही, ताई. पहिल्या दिवशी तो तयार होऊन पाठमोरा चालत गेला, आणि मी हातातला चहा सांडून हाक मारली, “कानामे!” हियामा वळला. मुखवटा घालून नुसता उभा राहिला. ओ द्यावी की नाही, हे त्याला समजेना.

नंतर मी त्याला झापलं. “नक्कल करतोस? लाज नाही वाटत?” त्याने बूट काढून माझ्यापुढे ठेवला. डाव्या बुटात, टाचेखाली, जाड लोकरी कापडाची गादी. कडेने लाल दोरा, तुझा उलटा टाका. शिडीवरून पडल्यावर कानामेचा पाय आखूड राहिला, तेव्हा तू शाळेच्या बुटात घालायला शिवलेलीस, तीच. वर त्याने स्वतः दोन थर चढवलेले, आडवेतिडवे. शिवण तुझ्याकडून काही शिकला नाही.

“बाई, ही काढली की मी सरळ चालेन,” हियामा म्हणाला. “पण आमच्यात आधीच्या माणसाच्या पोशाखातलं काही काढत नाहीत. तो वर्षभर त्याचाच असतो. आपण नुसतं आत शिरायचं.” मग हळूच म्हणाला, “खरं सांगू? मला भीती वाटते. मी थांबायचं ठरवतो आणि बूट एक पाऊल पुढे जातात. पूर्वी मी आधी उडी मारायचो. आता या पायामुळे आधी बघावं लागतं.”

म्हणजे तुझं पोर शहाणं झालं ते असं, ताई. एक माणूस दुसऱ्याच्या बुटात अडखळत होता. मी ते अडखळणं पाहून कागेरोनला गप्प केलं, विचारी केलं, मान खाली घालायला लावली. देशभर मुलं म्हणतात, कागेरोन किती मोठा झाला. मोठा झाला नाही गं. तो मेला, आणि मी कोणालाच सांगितलं नाही.

येत्या रविवारी सांगणार आहे. तेच लिहायला ही सगळी प्रस्तावना.

या भागात शत्रूचा सरदार कागेरोनला विचारतो, “तू तो नाहीस. वसंतातल्या लढाईत मी त्याला मारलं होतं. तू कोण?” आणि कागेरोन कबूल करतो. खरा कागेरोन तेव्हाच गेला. हा त्याचा सोबती. तेव्हापासून त्याचं चिलखत घालून फिरतो आहे. का? तर म्हणतो, “त्याची आई दारात वाट बघत होती. म्हणून मी चालत राहिलो.”

साकाकी साहेबांनी कागद टेबलावर आपटले. “खेळणी विकायची आहेत आपल्याला, तोमिएबाई! अख्ख्या जपानच्या पोरांना रडवणार?”

मी म्हणाले, “पोरं सोमवारपर्यंत विसरतील. मला एकाच बाईला सांगायचंय.”

“मग फोन करा की!”

“फोनवर ती मला बोलू देत नाही.”

त्यांनी आपटलेले कागद पुन्हा गोळा केले, आणि मग स्वतःच म्हणाले, “पाटीवर दोन्ही नावं टाकू.”

आधी वाटलं होतं की टीव्हीनेच तुला सांगावं. तुझा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. पण तू भाताची वाटी पुढे ठेवून बसलेली असशील आणि तुला ते कागेरोनच्या तोंडून, परक्या आवाजात ऐकावं लागेल, हा विचार मला सहन होईना. म्हणून आधी मी सांगते आहे. रविवारी टीव्ही लावायचा की नाही, ते तू ठरव. मला शिव्या दे. बोलणं बंद कर, त्याची मला सवय आहे. पण त्याला घरी बोलाव, ताई. सहा महिने तो ना इथे आहे, ना तिथे. त्या बुटांत एका परक्या माणसाला घेऊन हिंडतो आहे, तुझ्यासाठी आणि माझ्या एका खोटेपणासाठी.

तुझी, तू म्हणशील तर,
तोमिए


तोक्यो, १२ डिसेंबर १९७४

प्रिय शिगेताई,

नमस्कार. दोन महिने तुझं अक्षर नाही. मी रोज पेटी उघडून बंद करत होते. शेजारीण म्हणाली, कोणी प्रियकर आहे की काय! काल खोकं आलं. भाताच्या तुसात पुरलेली सफरचंदं, आणि तुसात हात घातल्यावर तुझी चिठ्ठी. अर्धी सफरचंदं शेजारणीने नेण्याआधी मी दाराला कडी लावली.

भाऊजींनी मला त्या रविवारचं कधीच सांगितलं होतं. तू पत्र वाचून किमोनोच्या बाहीत ठेवलंस. रविवारी टीव्ही लावलास. भात नेहमीसारखा ठेवलास. शत्रूने “तू कोण?” विचारलं तेव्हा तू टीव्हीला म्हणालीस, “नको सांगूस.” त्याने सांगितलं. दोन नावांची पाटी आली तशी तू उठून फाटकापाशी गेलीस, आणि दिवसाढवळ्या, पावसाच्या भुरभुरीत, भूर्जाची साल पेटवलीस. धूर झाला. थोरली वहिनी भ्रमिष्ट झाली म्हणून गल्ली जमली. तू त्यांना म्हणालीस, “व्हा बाजूला. वाट अडवू नका.”

हे ऐकून मी स्टुडिओच्या फोनखाली बसून रडले. साकाकी साहेबांनी रुमाल दिला आणि तो परत मागून घेतला.

तुझी चिठ्ठी मी हियामाला वाचून दाखवली. तू लिहिलंस, “त्या मोठ्या कानाच्याला म्हणावं, वर्षअखेरीला ये. ते बूट घालून ये. फाटकापासून दारापर्यंत मी बर्फावर फळ्या टाकून ठेवते. मी आत पाठ करून बसेन. त्यानं एकदा चालत यावं, घाई करू नये. दारात आला की बूट काढावेत, गादी माझ्या हातात द्यावी, आणि मग स्वतःच्या पायानं आत यावं. उपाशी ये म्हणावं. माझ्या पोराला सहा महिने उचलून फिरलाय, दमला असेल.”

हियामाने चिठ्ठी दोन्ही हातांत धरली. मग विचारलं, “बाई, त्यांनी नावानं हाक मारली तर मी ओ देऊ?”

स्टुडिओत पहिल्या दिवशी त्याला पडलेलाच हा प्रश्न. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. आता म्हणाले, “फळ्यांवर असशील तोवर दे.”

गादी काढायला साकाकी साहेबांनी परवानगी दिली. वर्ष पुरंच होतंय, म्हणाले. शेवटच्या भागाचं चित्रण जानेवारीत आहे. त्यात कागेरोन पाठमोरा निघून जाणार, आणि पहिल्यांदाच सरळ चालणार. मुलांची पत्रं येतील, ‘त्याचा पाय कसा बरा झाला?’ त्यांना काय उत्तर द्यायचं ते मी तुला विचारून लिहीन.

मला भीती वाटते, ताई. तो फळ्यांवरून येताना मी मागे असेन, त्याची पाठ बघत. माझ्या तोंडून पुन्हा हाक निघू नये म्हणून ओठ आवळून धरीन. ती हाक मारायचा हक्क त्या दिवशी तुझा एकटीचा.

तीस तारखेच्या गाडीने आम्ही निघतो. मोजून सांगायचं तर दोघं. पण पानं तीन मांड.

तुझी धाकटी,
तोमिए

ता. क. – बोलावण्याचा जाळ तू केलास, पाठवणीचा अजून राहिलाय. भूर्जाची साल थोडी कोरडी ठेव. जेवणं झाली की आपण दोघी मिळून पेटवू.