न वाळलेल्या फळ्यांची व्यवस्था

अनुसूया विश्वंभर वेळासकर, मृत्युपत्र मागे राहणाऱ्यांसाठी लिहायचे असते, हे मला ठाऊक आहे. तरी आरंभी तुझे नाव घालतो. ज्या मिळकतीपायी हा कागद करावा लागत आहे ती सरकारी दप्तरी माझ्या नावे असली, तरी तिच्यावर बसण्याचा हक्क तुझा होता, आणि अखेरच्या दिवसांत तो तुला बजावता आला नाही. तो का व कोणामुळे, हे पुढे येईल. तू मध्ये बोलू नयेस. सबंध संसारभर तू मध्ये बोलून माझा राग अर्ध्यावर आणलास. या वेळी ते होणार नाही.

लिहून ठेवणार: विश्वंभर जनार्दन वेळासकर, वय एकाहत्तर, शिक्षण बी. एस्सी., न्हावा शेवा बंदरात मालाच्या नुकसानीची पाहणी करणारा निवृत्त सर्वेक्षक, राहणार मौजे आदगाव, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. हा मजकूर मी शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात, कोणाच्या भिडेस वा धाकास न पडता लिहीत आहे. मी शोकात आहे. शोक म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, हे डॉ. निकेत यांनी मला तपासून मान्य केले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही आमचा एकुलता मुलगा चि. अजेय यास विनाअट दिले होते, ते या लेखाने रद्द समजावे.

कलम १. व्यवस्थापक म्हणून मी शेजारी श्री. दत्ताराम गमरे, निवृत्त मुख्याध्यापक, यांस नेमतो. गुरुजींनी आयुष्यात कोणालाही दया म्हणून पास केलेले नाही. नेमणुकीचे कारण तेवढेच.

कलम २. मिळकतीचे वर्णन. घर, त्यामागील नारळी-पोफळीची वाडी, आणि घराच्या पश्चिमेस समुद्राकडे उघडणाऱ्या दाराबाहेरचा सागवानी फळ्यांचा उघडा ओटा. हल्ली येणारेजाणारे त्यास डेक म्हणतात. अनुसूया त्यास फळ्या म्हणे. "चला, फळ्यांवर चहा घेऊ." बंदरातले एक जुने गोदाम मोडले, तेव्हा ते लाकूड मी लिलावात घेतले. अजेय तेव्हा शाळेत होता.

खाऱ्या वाऱ्यात उघडे लाकूड टिकवायचे, तर त्यास तेलाचा स्टेन द्यावा लागतो, आणि तो रंगाप्रमाणे द्यायचा नसतो. रंग वर बसतो, स्टेन आत मुरतो. पहिल्या वर्षी आम्ही उरलेल्या तुकड्यांवर तीन नमुने करून ते एक उन्हाळा कुंपणाला टांगून ठेवले. बिनरंगी तेलाचा तुकडा राखेसारखा पांढुरका पडला. दाट, अपारदर्शक तुकड्याकडे पाहून अनुसूया म्हणाली, "हे तर तलाठी कचेरीतलं बाकडं झालं." तिसरा अक्रोडी छटेचा, अर्धपारदर्शक होता. त्यात ऊन अडवण्यापुरता रंग होता आणि लाकडाच्या रेषा दिसत होत्या. तिने तो निवडला. पुढे छटा कधी बदलली नाही.

काम पावसाळा सरून लाकूड सुकल्यावर, दिवाळीनंतर. आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे, नारळाच्या काथ्याने रेषेच्या दिशेने घासायचे, आणि खडखडीत वाळू द्यायचे. मग फळीवर पाण्याचे थेंब टाकायचे. थेंब मुरला तर लाकूड स्टेन पिईल, वरच राहिला तर थांबायचे. डबे एकत्र करून ढवळायचे, कारण रंग तळाशी बसतो. ऊन थेट पडत असताना हात लावायचा नाही. एक फळी धरली की टोकापर्यंत न्यायची, मध्ये सोडली तर जोड दिसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुसणे. जेवढे लाकडाने प्यायले तेवढे त्याचे. वर उरलेले सुती फडक्याने पुसून घ्यायचे, नाहीतर ते वाळत नाही, चिकट राहते. म्हणून हे एकट्याचे काम नव्हे. मी ब्रश घेऊन पुढे सरकत असे, अनुसूया आपल्या जुन्या साड्यांची फडकी घेऊन मागून पुसत येई. तेलकट फडकी बोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती एकेक सुटी वाळत घाली. अजेयला आम्ही पायरीवर बसवत असू. पायांचे ठसे उमटू नयेत, म्हणून.

कलम ३. नुकसानीची पाहणी. मी हयातभर इतरांच्या मालाच्या केल्या, ही माझ्या मालाची. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी अनुसूया मुंबईच्या इस्पितळात होती. फुप्फुसांचा आजार होता. डॉक्टरांनी घरी नेण्यास सांगितले, ते बरे वाटले म्हणून नव्हे. तिची एकच मागणी होती. "मला फळ्यांवर नेऊन बसवा. बाकी काही करू नका." मी तिच्याजवळ होतो. घर तयार करण्यासाठी अजेय आणि सूनबाई गौरी पुढे गेली. अजेयने फोनवर सांगितले, "बाबा, एक सरप्राइज आहे."

सरप्राइज असे होते. हवेत ओल, आभाळ भरून आलेले, आणि फळ्यांवर स्टेनचे दोन जाड थर, न पुसलेले. आम्ही पोहोचलो तेव्हा ओटा काकवी ओतल्यासारखा चकाकत होता. मी बोट लावले, बोट चिकटले. गोणपाट टाकून पाहिले, गोणपाट चिकटले. शिवाय त्या वासाने अनुसूयेला खोकल्याची उबळ येई, ती थांबत नसे. समुद्राकडचे दार आणि खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. तिची खाट बंद दारासमोर राहिली.

ती रोज विचारी, "फळ्या झाल्या का रे?" अजेय रोज म्हणे, "झाल्या आई. उद्या वाळतील, मग तुला तिकडेच बसवतो." त्यानंतर पाऊस सुरू झाला आणि वाळण्याचा प्रश्न मिटला. एका सकाळी तिने दाराकडे पाहून विचारले, "आज पण नाही का?" मी नाही म्हणालो. त्यानंतर तिने फळ्यांचे नाव काढले नाही. त्याच आठवड्यात ती गेली. नुकसानीचे कारण: न पुसणे. नुकसानीचे स्वरूप: भरून न येणारे.

कलम ४. माझे मेहुणे श्री. कमलेश दिवेकर, बोर्ली पंचतन येथील हार्डवेअरचे व्यापारी, यांस. डबे यांच्याच दुकानातले. सल्लाही यांचाच, आणि तो अजेयने मला जसाच्या तसा सांगितला आहे: "भाच्या, दोन हात घसघशीत मार. पाच वर्षं तिकडे बघायला नको." बहिणीच्या दिवसांना याच गृहस्थांनी मला बाजूला घेऊन म्हटले, "भावोजी, माल एक नंबरचा होता हो." म्हणून उरलेला अर्धा डबा मी त्यांस ठेवतो. व्यवस्थापकांनी तो गिऱ्हाइकांच्या वेळेत, झाकण उघडून, त्यांच्या गल्ल्याशेजारी ठेवावा. माझ्या प्रेतास त्यांचा खांदा नको.

कलम ५. सूनबाई सौ. गौरी अजेय वेळासकर यांस. आम्ही आलो त्या दिवशी यांनी अनुसूयेच्या डोळ्यांसमोर मोबाइल धरला. "आई, फोटो तरी बघा, कसलं चकाकतंय!" अनुसूया हसली. कोणी हौसेने दाखवले की ती हसत असे, त्यावरून काही ठरवू नये. तो फोटो मोठा करून, शिसवी चौकटीत घालून, माझ्या खर्चाने त्यांस द्यावा. फोटोत रिकामा ओटा आहे, समुद्र आहे, मावळतीचा प्रकाश आहे. अनुसूया नाही. त्यांच्या न्हावा शेव्याच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर लावण्याजोगा आहे.

कलम ६. सोनाबाई, जिने अखेरपर्यंत अनुसूयेचे अंथरूण बदलले, तिला बँकेतील सर्व ठेव. रक्कम बँक सांगेल. अट नाही. "उद्या" न म्हणणारी ती एकटीच. अनुसूयेने विचारले की ती म्हणे, "न्हाय वाळल्या, बाय. खोटं कशाला सांगू?"

कलम ७. माझी हत्यारे. रंधा, पटाशा, ब्रश, खरवडण्याची पत्री, आणि लाकडातला ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र, चि. अजेय यास. यंत्र त्या दिवशीही दाराशेजारच्या कपाटातच होते.

कलम ८. घर, वाडी व फळ्या, चि. अजेय यास, पुढील अटींवर.

त्याने जुना थर संपूर्ण ओट्यावरून हाताने, गुडघ्यांवर बसून, पत्रीने खरवडून काढावा. यंत्र लावू नये, मजूर लावू नये. नंतर कलम २ प्रमाणे स्टेन द्यावा. तो ब्रश घेऊन पुढे, गौरी फडके घेऊन मागे. वाळल्यावर अनुसूयेची मोतिया रंगाची सुती साडी, जी ती फळ्यांवर बसताना नेसत असे, पूर्ण उलगडून ओट्यावर पसरावी. तिच्यावर सकाळपासून सूर्यास्तापर्यंत पाट ठेवावेत. मग गुरुजींनी ती उचलून उजेडात धरावी. एकही डाग नसेल, तर घर अजेयचे. डाग असेल, तर साडी धुऊन ठेवावी आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून. तोवर त्याने या घरात राहू नये, आणि कोणी विचारले तर "उद्या" असे उत्तर द्यावे.

तीन दिवाळ्यांत न जमल्यास सर्व मिळकत गावच्या भजनी मंडळास जावी. त्यांचे ढोलकीवादन अनुसूयेला सोसत नसे, हे मी जाणतो. अजेयलाही सोसत नाही.

कलम ९. माझी राख समुद्रात किंवा कोठेही टाकावी, फळ्यांवरून मात्र नेऊ नये. चिकटेल.

कलम १०. वाचन. वरील मजकूर आज दुपारी मी अजेय व गौरी यांस बोलावून, गुरुजींच्या समक्ष वाचून दाखवला. सही व्हायची होती. हरकत असल्यास नोंदवावी असे सांगितले. हरकती त्यांच्याच शब्दांत देतो, कारण पाहणीत दुसऱ्या पक्षाचे म्हणणे लिहावे लागते.

गौरी म्हणाली, "बाबा, गुडघ्यांवर बसूनच केलंय आम्ही ते. मजूर नव्हता कोणी. ह्याच्या गुडघ्यांची सालं निघाली होती."

मी म्हणालो, "पुसले नाही."

"पुसायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं? सांगा ना! तुम्ही दोघांनी कधी तिसऱ्या माणसाला हात लावू दिलात? मी लग्न होऊन आले त्या वर्षी फडकं घेऊन आले होते. आई म्हणाल्या, असू दे गं, आमचं ठरलेलं असतं. ह्याला तर पायरीवर बसवायचात तुम्ही. पायरीवरून काय दिसतं? पाठ दिसते!"

"गौरी, बस," अजेय म्हणाला.

"का बस? तू रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडायचास, ते लिहा म्हणावं कलमात."

या विधानाची नोंद घेतली.

गुरुजी म्हणाले, "विश्वंभरराव, तीन वेळा नापास झाला तर घर जाईल पोराचं. एकदा विचार करा." मी त्यांस त्यांच्या स्वतःच्या ख्यातीची आठवण करून दिली. ते म्हणाले, "मी नापास करायचो, घराबाहेर नव्हतो काढत." ते व्यवस्थापक राहण्यास तयार आहेत का, असे विचारता, "आहे. मी नाही म्हटलं तर तुम्ही आणखी वाईट माणूस शोधाल," असे म्हणाले.

अजेय उठून समुद्राकडच्या दारातून बाहेर गेला. पायरीवर बसला. वाकून फळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आत आला तेव्हा तळहात काळपट झाला होता. म्हणाला, "अजून चिकटतंय, बाबा."

मी म्हणालो, "मला माहीत आहे."

"मी खरवडून देईन. दर वर्षी येईन, म्हणाल तसं करीन. तुम्ही असेपर्यंत. पण घर नको मला. भजनी मंडळाला द्या, नाहीतर ठेवा तसंच. फक्त ती साडी द्या."

"कोणती?"

"मोतिया. आईची. ती जमिनीवर टाकून वर पाट नका ठेवू."

स्वयंपाकघराच्या दारातून सोनाबाई म्हणाली, "द्या की ओ सायेब. लुगडंच हाय."

साडी कलम ८ मधील परीक्षेसाठी राखून ठेवलेली असल्यामुळे ती देता आली नाही. तसे अजेयला सांगितले. त्याने पुन्हा मागितली नाही. गौरीने पिशवी उचलली.

मजकुरात फेरफार केलेला नाही. सर्व कलमे कायम.

लिहून ठेवणार: विश्वंभर जनार्दन वेळासकर (सही)

आमच्यासमक्ष, वाचून समजून, सही झाली:
साक्षीदार १. दत्ताराम गमरे, निवृत्त मुख्याध्यापक, आदगाव (सही)
साक्षीदार २. डॉ. निकेत, बोर्ली पंचतन (सही). लिहून ठेवणार शुद्धीवर आहेत, एवढेच मी प्रमाणित करतो.

ठिकाण: मौजे आदगाव, ता. श्रीवर्धन, जि. रायगड
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

सहीनंतरची नोंद: समुद्राकडचे दार जाताना चि. अजेय याने ओढून घेतले व त्यास आतून कुलूप लावले. मी ओढून पाहिले, लागले आहे. घराच्या त्याच्याजवळच्या सर्व चाव्या त्याने टेबलावर ठेवून परत केल्या. मिळाल्या.