कॉल ऑफ

आसेगाव, रविवार, दिवेलागणीची वेळ

त्याने दोनदा विचारलं. दोनदा! आणि मला समजलंच नाही.

दुपारी कारंज्याहून पाहुणे आले होते. बाबांनी शब्द आधीच दिलेला, मला दाखवणं नुसतं रीतीपुरतं. अकोल्याला नर्सिंगला जायचंय, हे घरात कुणी ऐकूनच घेत नाही. त्या मुलाने मात्र माझा चेहरा वाचला असावा. चहा देताना तो हळूच म्हणाला, "डू यू वॉन्ट टू कॉल इट ऑफ?" मोठ्यांना कळू नये म्हणूनच इंग्रजीत ना? त्याच्या खिशात फोन वाजत होता. मला वाटलं, तो बंद करू का विचारतोय. "नो, नो," म्हणाले, वर हसले. त्याने परत तेच विचारलं. मी परत "नो".

पोरगी इंग्रजी बोलली म्हणून बाबा खूश. लगेच सुपारी फुटली.

मोबाईलवर बघून रोज दहा क्रियापदं वहीत उतरवते मी. गिव्ह अप, लुक आफ्टर झालं. कॉल ऑफ आलंच नव्हतं. पाहुणे गेल्यावर शोधलं. ठरलेलं रद्द करणे. त्याने दार उघडून धरलं आणि मीच लोटून घेतलं?

तशीच बाबांकडे गेले. "बाबा, मले हे लग्न नाही करायचं."

"आता काहून? त्याच्यासंग त हसून बोलून राह्यली होती."

"तो काय विचारते, ते मले समजलंच नव्हतं."

"इंग्रजी समजत नाही, अन् म्हणे नर्स व्हायचं!"

आई हसली. बाबांनी तारखेसाठी मामाला फोन लावला.